फ्रंट लोडमध्ये वॉश, रिन्स आणि स्पिन: कुठं काय वाढवायचं आणि कुठं कमी करायचं

फ्रंट लोड मशीन घेताना दुकानात सगळे आधी किलो विचारतात, मग स्टार विचारतात, आणि घरी आल्यावर पॅनेलवरचे ते पंधरा-सोळा प्रोग्राम बघून शेवटी नॉब एकाच ठिकाणी ठेवतात, कॉटन नाहीतर क्विक, आणि मग तेच वर्षानुवर्षं चालू. सांगलीत माझ्या ओळखीतल्या बऱ्याच घरात असंच आहे. तक्रारी पण ठरलेल्या असतात. कॉलरचा मळ जात नाही, काळ्या पँटवर पांढरे पट्टे येतात, आणि पावसाळ्यात कपडे दोन दोन दिवस ओलेच. आता यात पहिली तक्रार वॉशची आहे, दुसरी रिन्सची आणि तिसरी स्पिनची, पण लोक तिन्हीवर एकच उपाय करतात, पावडर जास्त टाकायची. त्यानं तिन्ही गोष्टी अजून बिघडतात.

प्रोग्रामचं नाव काही असू दे, आत कामं तीनच असतात. धुणं, खळबळणं, पिळणं. नॉब फिरवला की डिस्प्लेवर तापमान, रिन्स आणि आरपीएम (पिळताना ड्रम मिनिटाला किती फेरे घेतो ते) दिसतंय, ते बटणानं बदलता पण येतं. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात मागं एक टेबल असतं, कुठल्या प्रोग्रामला जास्तीत जास्त किती किलो, किती तापमान, किती स्पिन. ते एकदा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, सगळ्यात उपयोगाचं पान तेच आहे.

आधी वॉश. फ्रंट लोडचा ड्रम आडवा असतो आणि पाणी खाली थोडंसंच असतं, म्हणून टॉप लोडवरनं आलेल्यांना वाटतं पाणीच घेत नाही, बिघडलं. ते तसंच असतंय. ड्रमच्या आतल्या कडेला जे उंचवटे असतात ते कपडे उचलून वर नेतात आणि वरनं खाली आपटतात, कृष्णेच्या घाटावर दगडावर धुणं आपटायचे तसंच काम आहे. आपटायला जागा पाहिजे ना. ड्रम गच्च भरला की कपडे पडतच नाहीत, नुसते गोळा होऊन फिरतात, मग तुम्ही अडीच तास लावा नाहीतर चार तास लावा. कॉटन भरल्यावर वरच्या बाजूला हाताचा पंजा उभा जाईल एवढी जागा मोकळी दिसली पाहिजे, सिंथेटिक असेल तर ड्रम अर्धाच भरायचा, लोकरीचं असेल तर त्याहून कमी.

वेळेबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. कॉटनला दोन अडीच तास दाखवलं की वाटतं लाईट बिल गेलं. खरं तर ड्रम फिरवायला वीज कमी लागते, खरी वीज पाणी गरम करायला जाते. हिशोब सोपा आहे, १५ लिटर पाणी २५ अंशावरनं ४० ला न्यायचं तर साधारण पाव युनिट, आणि ६० ला न्यायचं तर साधारण ०.६ युनिट. म्हणजे वेळ बघून घाबरू नका, तापमान बघा. लांबलेल्या वेळात कपडे भिजतात, पावडरीला काम करायला वेळ मिळतो, हाताने धुताना आपण तासभर भिजत घालायचोच की. क्विक १५ किंवा ३० मिनिटवालं काय करतं, तर हा भिजायचा वेळच कापतं आणि रिन्स पण कमी देतं. दोन तास घालून आलेला शर्ट, एखाद-दुसरा ड्रेस, दीड-दोन किलोपर्यंत, एवढ्यालाच ते. शेतातनं आलेले कपडे, शाळेचे पांढरे मोजे, टॉवेल यांना क्विक लावून उपयोग नाही.

तापमान रोजच्या कपड्याला ४० पुरे. मॅटिक पावडरीत आणि लिक्विडमध्ये एन्झाईम, म्हणजे डाग तोडणारे घटक, असतात ते साधारण याच तापमानाला नीट चालतात. टॉवेल, उशीचे अभ्रे, चादरी, घरात कोण आजारी असेल तर त्याचे कपडे हे ६० वर, पण लेबलवर चालतं असं असेल तरच. रक्ताचा, दुधाचा, अंड्याचा डाग असेल तर आधी गार पाण्यानंच, गरम पाणी लागलं की तो डाग धाग्यात पक्का बसतो.

आणि आता हळद. सांगलीत राहून हळदीबद्दल बोललं नाही तर कसं चालेल, आपल्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय आणि मार्केट यार्डात काम करणाऱ्यांचे तर सगळेच कपडे पिवळे. हळदीच्या डागावर साबण लावला की तो पिवळा डाग डोळ्यासमोर लालभडक होतो, लग्नातल्या हळदीच्या साड्या धुताना कितीतरी जणी घाबरतात, वाटतं रंग फुटला. तसं काही नसतंय. साबण अल्कली असतो आणि हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, साबण निघून गेला की परत पिवळं. उलट हे उपयोगाला येतं, रिन्स संपल्यावर डाग अजून लालसर दिसला तर समजायचं कपड्यात साबण शिल्लक आहे, अजून एक पाणी द्यायचं. कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून ६० वर दोन-तीन वेळा लावून वीज जाळण्यात अर्थ नाही. ते उन्हानं तुटतं. ४० वर एकदा धुवा आणि डागाची बाजू वर करून ओलंच कडक उन्हात टाका, एक-दोन उन्हात डाग फिका पडत जातो. रंगीत कपडा असेल तर त्याचा स्वतःचा रंग पण उडणार नाही ना एवढं बघा.

रिन्सकडं मात्र कोणी बघतच नाही, आणि माझ्या मते अर्ध्याहून जास्त तक्रारी इथल्याच असतात. समजा धुऊन झाल्यावर कपड्यात ४ लिटर साबणाचं पाणी अडकून राहिलं आणि मशीननं वरनं १२ लिटर स्वच्छ पाणी घेतलं, तर साबण चौथ्या हिश्श्यावर आला. परत तसंच केलं की सोळावा हिस्सा, तिसऱ्यांदा चौसष्टावा. पण हे ४ लिटर कधी, तर दोन रिन्सच्या मध्ये मशीन थोडं स्पिन करून पाणी काढून टाकतं तेव्हा. ते मधलं स्पिन झालंच नाही आणि कपड्यात ८ लिटर पाणी राहिलं, तर तीन रिन्स करून पण साबण सोळाव्या हिश्श्यापर्यंतच येतो, म्हणजे मधल्या स्पिनवाल्या दोन रिन्सचं काम बिनस्पिनच्या तीन रिन्सना लागलं. म्हणून नुसतं किती रिन्स आहेत हे मोजून दोन प्रोग्रामची तुलना करू नका, मध्ये स्पिन आहे का ते पण बघा. डेलिकेट आणि वूलमध्ये मधलं स्पिन एकतर नसतं नाहीतर अगदी हळू असतं, तिथं लिक्विड निम्म्यानं कमी घालायचं आणि एक्स्ट्रा रिन्स दाबायचं.

जास्त पावडरीनं नेमकं हेच मधलं स्पिन बिघडतं. फेस झाला की ड्रम आणि बाहेरच्या टबाच्या मध्ये फेसाची गादी तयार होते, पंप पाणी ओढायच्या ऐवजी हवा ओढतो, मशीनला ते कळतं आणि ते वेग वाढवतच नाही, थांबतं, परत पाणी घेतं, आणि डिस्प्लेवरची वेळ पुढं सरकायच्या ऐवजी वाढते. फ्रंट लोडला फ्रंट लोडचीच पावडर किंवा लिक्विड, हाताने कपडे धुवायची पावडर अजिबात नको, तिच्यात फेस जास्त.

तुमच्याकडं रिन्स नीट होतंय का ते बघायचं असेल तर धुऊन वाळलेले टॉवेल घ्या, ड्रममध्ये टाका, खणात काहीही घालू नका आणि नुसता रिन्स लावा. पाच-सात मिनिटांनी काचेतनं बघा. पाणी फिरताना काचेला दोन-चार बुडबुडे चिकटून लगेच फुटत असतील तर ठीक. पण काचेच्या खालच्या कडेला पांढरी साय धरून राहत असेल, ड्रम थांबला तरी हलत नसेल, तर तो साबण मागच्या धुण्याचा आहे. पावडर एक तृतीयांश कमी करा, एक्स्ट्रा रिन्स चालू ठेवा, आणि काही धुण्यांनंतर परत बघा. लहान बाळाचे कपडे, अंगाला खाज सुटणाऱ्या माणसाचे कपडे आणि टॉवेल यांना एक्स्ट्रा रिन्स कायमच द्या, पाण्याचा विचार करून इथं हात आखडू नका.

बोअरचं पाणी असेल तर गोष्ट जरा अवघड होते. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं, साफ कमी होतं, म्हणून पावडर थोडी जास्त लागते, आणि जास्त घातली की रिन्स पण एक जास्त. काळ्या कपड्यावरचे पांढरे पट्टे बहुतेक वेळा याचेच, काळ्या कपड्यांना लिक्विड वापरा आणि ड्रम कमी भरा. घरात महापालिकेचं आणि बोअरचं अशी दोन कनेक्शन असतील तर मशीनला महापालिकेची लाईन द्या, बोअर फरशी पुसायला ठेवा. नुसतं बोअरच असेल तर हिटरवर क्षार बसणार, त्याला डीस्केलिंग (क्षार काढायची) पावडर टाकून ड्रम रिकामा ठेवून टब क्लीन लावायचं, महिना दोन महिन्यातनं एकदा.

सॉफ्टनर फुलाच्या चिन्हाच्या खणात, मॅक्सच्या रेघेच्या खाली. रेघेच्या वर गेलं की ते सायफननं आधीच खाली उतरतं आणि पहिल्या पाण्यातच वाहून जातं, शेवटच्या रिन्सला उरतच नाही. टॉवेलला सॉफ्टनर घालू नका, पाणी शोषायचे बंद होतात.

स्पिनचा हिशोब आरपीएमचा. ८०० वरनं १२०० केलं की वेग दीडपट होतो पण कपड्यातनं पाणी बाहेर फेकायचा जोर सव्वादोन पट होतो. १ किलो सुक्या कॉटनमध्ये ८०० ला साधारण ७०० ग्रॅम पाणी राहतं, १२०० ला अर्ध्या किलोच्या जरा वर, १४०० ला अर्धा किलोच्या आसपास. म्हणजे ८०० ते १२०० मध्ये फरक मोठा आहे, १२०० ते १४०० मध्ये थोडाच, नुसत्या १४०० साठी दुकानात जास्त पैसे मोजायची मला तरी गरज वाटत नाही. घरी पडताळायचं असेल तर सुके टॉवेल वजन करा, एकदा ८०० वर धुऊन वजन करा, मग १२०० वर, साधा लटकवायचा तोलकाटा चालतो. त्याच आरपीएमवर परत परत स्पिन लावून मात्र फार काही निघत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये आठवडा आठवडा ऊन नसतं तेव्हा कॉटन, जीन्स, टॉवेल यांना मशीनचं पूर्ण स्पिन द्या. सिंथेटिक शर्टांना ८०० च्या वर नको, चुण्या पडतात आणि ते कपडे तसं पण लवकर वाळतात. लोकर, सिल्क ४०० ते ६००. आणि रेनकोट, रेक्झिन, प्लास्टिकचं मॅट्रेस कव्हर यांना स्पिन लावूच नका, कापडातनं पाणी बाहेर पडत नाही, एका बाजूला तुंबतं आणि मशीन धाडधाड उडायला लागतं, त्यात मशीन खराब होऊ शकतं.

आमच्या शेजारच्या काकूंनी परवा हाक मारली, "काय रे, हे नऊ मिनिटावरच बसलंय कधीपासनं, बिघडलं का?" मी विचारलं, "काकू, आत काय घातलंय?" "एकच चादर की, सोलापुरी." तेच कारण. एकटी जड चादर पाणी पिऊन एका बाजूला गोळा होते, मशीन तिला पसरवायला ड्रम हळूहळू इकडं तिकडं फिरवून बघतं, तोल जमला नाही की परत बघतं, आणि शेवटी वेग कमी ठेवूनच संपवतं. बंद करून पाणी जाऊ द्या, दार उघडा, चादर मोकळी करा, बरोबर दोन टॉवेल टाका आणि नुसता स्पिन लावा. काकूंचं पाच मिनिटात चालू झालं. वाकळ असेल तर ओली झाल्यावर तिचं वजन किती होतंय याचा विचार करा, भरलेली वाकळ घरच्या मशीनमध्ये न घातलेलीच बरी.

प्रत्येक स्पिनला मशीन नाचत असेल तर मात्र पाय बघा, चारी पाय फरशीला टेकलेत का, आणि मशीन नवं असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढलेत का. पाणी भरायलाच फार वेळ लागत असेल तर टाकीची उंची बघा, नळाच्या वर ३ मीटर टाकी असेल तर दाब साधारण ०.३ बार मिळतो आणि बऱ्याच मशीनना कमीत कमी तेवढा तरी लागतो. वरच्या मजल्यावर स्लॅबला चिकटून टाकी असली की हीच अडचण. नळीच्या तोंडाची जाळी पण काढून धुवा, पावसाळ्यात गढूळ पाण्यानं ती लवकर भरते.

आणि स्पिन नीट होत नाही म्हणून मेकॅनिकला बोलवायच्या आधी पुढं खाली कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडून ड्रेनचा फिल्टर काढा. खाली ताट आणि फडकं ठेवा, मशीन बंद करून प्लग काढा, पाणी गार झालेलं असू दे, मग फिल्टर हळूहळू फिरवा, पाणी येईल. आत नाणी, पिना, केसांचा गोळा निघतो. धुऊन परत घट्ट बसवा आणि रिकाम्या ड्रमवर एकदा रिन्स आणि स्पिन लावून खालनं गळत नाही ना ते बघा.