जुना कार ॲम्प्लिफायर दुरुस्त करताना या चुका टाळा

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून किंवा ऑनलाइन जाहिरातीतून नव्वदच्या दशकातला एखादा वजनदार ॲम्प मिळतो. विकणारा सांगतो, "बंद आहे, पण किरकोळ काम असेल." बहुतेक वेळा ते खरंही असतं. एखादा ट्रान्झिस्टर गेलेला असतो, दोन कॅपॅसिटर सुकलेले असतात. मोठं नुकसान होतं ते ठाण्यात किंवा वाशीत घरी आणल्यावर, पहिल्या दहा मिनिटांतल्या घाईमुळे. त्या काळातले चांगले ॲम्प पुन्हा बनणार नाहीत, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

थेट बॅटरीला जोडणं

ही सगळ्यांत महागडी चूक. गाडीची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो ॲम्पिअर ओतू शकते. आत एकच भाग शॉर्ट असेल, तर ३० ॲम्पिअरचा फ्यूज उडेपर्यंत आणखी चार भाग जातात, कधी बोर्डावरचा तांब्याचा पट्टाही उखडतो. फ्यूज वायर पेटू नये म्हणून असतो. मॉसफेट, म्हणजे करंट झपाट्याने चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, वाचवण्याइतका तो चपळ नसतो. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा तार लावून 'एकदा बघू' म्हणणाऱ्याने ॲम्प उघडूच नये.

आधी मीटर लावा. ॲम्प बॅटरीपासून सुटा असताना प्लस आणि ग्राउंड यांच्यातला रेझिस्टन्स मोजा. कॅपॅसिटर चार्ज होताना आकडा वर चढला पाहिजे. शून्याच्या आसपास अडकून राहिला, तर वीज द्यायची नाही.

नवशिक्यांची एक गफलत इथेच होते. मॉसफेटला तीन पाय असतात: ड्रेन आणि सोर्स यांतून करंट वाहतो, गेट त्याला चालू-बंद करतं. ड्रेन आणि बॅटरीचा प्लस यांच्यात मीटरची बीप वाजते आणि ते सगळे मॉसफेट शॉर्ट समजतात. मधे ट्रान्सफॉर्मरची जाड गुंडाळी आहे, बीप वाजणारच. ड्रेन आणि सोर्स यांच्यात वाजली तर शॉर्ट आहे. पण एक मॉसफेट शॉर्ट असला, की त्याच गुंडाळीतून बाकीचेही शॉर्ट दिसतात. म्हणून प्रत्येक सुटा करूनच निकाल द्या.

फ्यूज नेमका कधी उडतो यावरून अर्धं निदान होतं. रिमोटची वायर (ॲम्पला चालू होण्याचा इशारा देणारी बारीक वायर) मोकळी असताना, मुख्य वायर टेकवताच उडाला, तर आतल्या वीजपुरवठ्याचे मॉसफेट किंवा उलट्या जोडणीपासून वाचवणारा संरक्षक डायोड शॉर्ट आहे. पूर्वीच्या मालकाने प्लस-मायनस उलटे लावले असतील तर हा डायोड हमखास गेलेला असतो. तो काढल्यावर ॲम्प चालू होतो, म्हणून पुष्कळ जण तसाच सोडून देतात. तसं करू नका, नवा बसवा. रिमोटला १२ व्होल्ट दिल्यावर फ्यूज उडाला, तर संशय आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला करंट देणारे) आणि रेक्टिफायर डायोड (ट्रान्सफॉर्मरनंतर डीसी बनवणारे) यांच्यावर घ्या.

मीटर समाधानी असेल तरी पहिली वीज बल्बमधूनच द्यायची. प्लसच्या वायरमध्ये आधी इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घाला, रिमोट मोकळा ठेवा. क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक. पेटून राहिला तर शॉर्ट. मग हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब घालून रिमोट द्या. २१ वॅटच्या बल्बवर ॲम्प सुरू करायला जाऊ नका. निष्क्रिय अवस्थेत चांगला ॲम्पही अर्धा ते दीड ॲम्पिअर घेतो, तेवढ्यात त्या बल्बवर व्होल्टेज पडतं, ॲम्प चालू-बंद होत राहतो आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो. करंट मर्यादा लावता येणारा बेंच सप्लाय असेल तर उत्तमच. कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) त्या कामाचा नाही, कारण त्याची १२ व्होल्टची लाइन भाग जाळण्याइतका करंट आरामात देते.

जळालेला तेवढाच भाग बदलणं

ऐरोलीहून दुरुस्तीला आलेल्या एका चार चॅनेलच्या ॲम्पची कथा इथे सांगण्यासारखी आहे, कारण तीत सगळ्या चुका एकत्र आहेत. पुरवठ्यात सहा मॉसफेट होते, आलटून-पालटून चालणाऱ्या दोन बाजूंना तीन-तीन. एक शॉर्ट होता. मालकाने तो काढला, मूळ आयआरएफझेड४४एनच्या जागी 'जास्त ॲम्पिअरचा' म्हणून आयआरएफ३२०५ लावला आणि बॅटरीला जोडला. धूर निघाला. दुसऱ्या वेळी दोन बदलले, पुन्हा धूर. ॲम्प बाकावर आला तेव्हा सहाही मॉसफेट, त्यांना चालवणारा कंट्रोलर आयसी आणि बोर्डावरचा एक पट्टा गेलेला होता.

मुळात मागच्या चॅनेलचा एक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होता. त्याने पुरवठ्यावर ओझं टाकलं, मॉसफेट गेला. म्हणजे मॉसफेट हा परिणाम होता, आणि बदलला गेला फक्त परिणाम. शिवाय मॉसफेट शॉर्ट होताना ड्रेनचं व्होल्टेज गेटवर येतं. जळालेल्या मॉसफेटचा गेट रेझिस्टर त्यात तुटून ओपन झाला होता. नव्या मॉसफेटचं गेट त्यामुळे तरंगत राहिलं, आणि तरंगतं गेट म्हणजे मॉसफेट अर्धवट चालू. तो जळणारच होता.

राहिली 'जास्त ॲम्पिअर'ची गोष्ट. आयआरएफझेड४४एन ५५ व्होल्टचा, ४९ ॲम्पिअरचा. आयआरएफ३२०५ सुद्धा ५५ व्होल्टचा आणि ११० ॲम्पिअरचा, पण त्याचं गेट भरायला लागणारा चार्ज पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे: ६३ नॅनोकुलोंबऐवजी १४६. जुन्या ॲम्पचा ड्रायव्हर (गेटला करंट देणारा भाग) तेवढं गेट वेळेत भरू शकत नाही. मॉसफेट हळू उघडतो, हळू मिटतो आणि मधल्या वेळात तापतो. आयआरएफ१४०४ तर ४० व्होल्टचाच. या रचनेत बंद मॉसफेटवर बॅटरीच्या दुप्पट, म्हणजे इंजिन चालू असताना जवळपास २९ व्होल्ट येतात, वर उसळ्या वेगळ्या. तिथे ४० फार अपुरे पडतात. मूळ नंबर मिळत असेल तर मूळ नंबरच लावा.

पटणारा क्रम असा. सगळे मॉसफेट काढा. प्रत्येक गेट रेझिस्टर मोजा, साधारण ४७ ते १०० ओहमचे असतात. दहा टक्क्यांहून जास्त हललेला असेल तर बदला. मॉसफेट नसताना बल्बमधून वीज आणि रिमोट द्या. कंट्रोलर टीएल४९४ असेल, आणि या पिढीत तो सर्रास असतो, तर १२ नंबरच्या पायावर बॅटरीचं व्होल्टेज, १४ वर ५ व्होल्ट आणि ४ वर शून्याच्या जवळपास हवं. १४ वर ५ नसतील तर आयसी बदला. ४ वर ३ व्होल्टच्या वर काही दिसत असेल, तर आयसीला कोणीतरी थांबवून ठेवलंय. बहुधा प्रोटेक्शन सर्किट. मग गेटच्या जागांवर ऑसिलोस्कोप लावा, दोन्ही बाजूंना आलटून-पालटून चौकोनी लाटा दिसल्या पाहिजेत. स्कोप नसेल तर डीसी मीटरवर दोन्ही बाजूंना ४ ते ५ व्होल्ट, आणि सारखे. एका बाजूला कमी असेल तर त्या बाजूचा ड्रायव्हर बघा.

यानंतर शॉर्ट आउटपुट ट्रान्झिस्टर काढून, सहाही मॉसफेट एकाच लॉटचे बसवा. हीटसिंकला पट्टीने आवळल्याशिवाय काही सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका. प्लस आणि मायनस रेल (पुरवठ्यातून बाहेर पडणारी दोन व्होल्टेज) सारखे आले, म्हणजे एकीकडे +३० तर दुसरीकडे -३०च्या आसपास, की मग आउटपुट ट्रान्झिस्टर. त्यांचे एमिटर रेझिस्टर आणि मागचे ड्रायव्हर ट्रान्झिस्टरही मोजून घ्या. दुपारभराचं काम आहे. ज्याला तेवढा धीर नाही त्याने ॲम्प जसा आहे तसा विकावा, निदान पुढच्या माणसाला तो दुरुस्त होण्याजोगा मिळेल.

स्वस्त ट्रान्झिस्टर

२एससी५२०० आणि २एसए१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोडीच्या नकला सगळीकडे आहेत, लॅमिंग्टन रोडवरही. आत सिलिकॉनची छोटी चकती, वर मोठा नंबर. मंद आवाजात चालतात, बेस वाढवला की जातात. ओळखीच्या दुकानातून घ्या, एक जास्त घ्या आणि तो फोडून आतल्या चकतीचा आकार बघा. अर्ध्याहून कमी किमतीत मिळणारा माल घेऊच नका.

अभ्रक आणि पेस्ट

ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधला जुना अभ्रक किंवा रबरी पॅड परत वापरू नका. ट्रान्झिस्टरची पाठ म्हणजे कलेक्टर, त्यावर पूर्ण रेल व्होल्टेज असतं. नखाएवढा चिरला तरी शॉर्ट. आवळून झाल्यावर प्रत्येक पाठ आणि हीटसिंक यांच्यात मीटर लावा, बीप येता कामा नये. पेस्ट पातळ लावा.

कॅपॅसिटर

फुगलेलाच वाईट असतो असं नाही. पंचवीस-तीस वर्षांचा कॅपॅसिटर वरून सपाट आणि आतून कोरडा असू शकतो. पुरवठ्याच्या बाजूला १६ व्होल्टऐवजी २५ व्होल्टचे, १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे (आतला रेझिस्टन्स कमी असलेले) घाला. कॅपॅसिटरच्या बुडाशी असलेला तपकिरी गोंद खरवडून काढा. जुना झाला की तो वीज वाहू लागतो आणि खालचा तांबा खातो. माशासारखा वास आला तर इलेक्ट्रोलाइट गळलंय, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि खालचे पट्टे एकेक करून तपासा.

खाडीची हवा

ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूर इथल्या गाड्यांतल्या ॲम्पमध्ये आरसीए सॉकेट (स्टीरिओकडून सिग्नल येणारी) आणि गेनच्या पॉटवर (आवाजाची पातळी लावणारी फिरकी) हिरवा गंज सर्रास दिसतो. सीटखाली बसवलेला असेल तर पावसाळ्यात तो पाण्यातही गेलेला असू शकतो. स्क्रूच्या खाचेत माती दिसली तर आधी उघडा, धुवा, पूर्ण वाळवा. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांचा परिणाम वेगळाच असतो: ट्रान्सफॉर्मर आणि चोक (तारेचं वेटोळं) जड असतात, त्यांच्या पायांभोवती सोल्डरला गोल चीर पडते. भिंगाने बघा. २५ वॅटच्या आयर्नने ती नीट भरत नाही, ६० वॅटचा घ्या.

स्पीकर लगेच लावणं

आधी स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलीव्होल्टच्या आत असेल तर पुढे. व्होल्टमध्ये दिसलं तर स्पीकरची कॉइल जळेल. पहिला स्पीकर जुना, टाकाऊच लावा. बायसच्या पॉटला (आउटपुट ट्रान्झिस्टरचा निष्क्रिय करंट ठरवणाऱ्या) हात लावण्याआधी त्याची जागा मार्करने खूण करून ठेवा.

शिट्टीचा दोष ॲम्पवर टाकणं

इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी शिट्टी आली की लोक पुन्हा ॲम्प उघडतात. आधी आरसीए केबल काढून सॉकेटमध्ये आतून शॉर्ट केलेले प्लग घाला. शिट्टी थांबली तर ॲम्प ठीक आहे, ग्राउंड बघा: रंग खरवडलेली जागा, ४५ सेंटिमीटरच्या आत, प्लसएवढीच जाड वायर. ३० ॲम्पिअरच्या ॲम्पला २.५ चौरस मिलिमीटरची घरगुती वायर चालत नाही, किमान ८ ते १० लागते, आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत वेगळा फ्यूज. एवढं करूनही शिट्टी राहिली, तर आरसीएच्या बाहेरच्या कड्यापासून ॲम्पच्या ग्राउंडपर्यंतचा रेझिस्टन्स मोजा. बहुतेक ॲम्पमध्ये तिथे मुद्दाम काही शे ओहम ठेवलेले असतात. थेट शून्य दिसलं, तर आत कोणीतरी तो रेझिस्टर टाळून वायरचा तुकडा मारलेला असू शकतो. तसा दिसला तर तो काढून मूळ किमतीचा रेझिस्टर परत बसवा.