रक्त पायांकडे वळवताना: बेड-रेस्ट प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

जमिनीवर वजनरहित अवस्थेची नक्कल करताना माणसाला डोक्याकडे ६ अंश उतार असलेल्या पलंगावर झोपवतात. पलंग दोन मीटरचा असेल तर पायाकडची बाजू साधारण २१ सेंटीमीटर वर येते. कोन माणूस झोपलेला असतानाच तपासा, कारण गादी कंबरेखाली दबते. जेवण, आंघोळ, शौच, सगळं आडवंच. घोटभर पाण्यासाठी कुणी कोपरावर उठलं तरी मानेतल्या शिरा रिकाम्या होऊ लागतात. लगेच घेतलेलं मोजमाप मग भरवशाचं राहत नाही.

रक्त छाती-डोक्याकडे सरकलं की मूत्रपिंडं जास्तीचं पाणी बाहेर टाकतात आणि रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ भाग, घटतो. म्हणून मीठ-पाणी मोजून द्यायचं, लघवी २४ तासांची जमवायची, वजनही झोपूनच.

रक्त पुन्हा पायांकडे वळवण्याच्या उपायांपैकी सर्वांत जास्त हात बसवावा लागतो तो कंबरेखालच्या ऋणदाबाच्या (बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाच्या) पेटीवर. कंबरेपासून पाय पेटीत, कमरेभोवती रबरी सील आणि व्हॅक्यूम पंप. दाब सहसा उणे २५ मिमी पाऱ्याच्या आसपास. सील नितंबाच्या हाडांच्या वरच्या कडेला बसलं पाहिजे; वर सरकलं तर पोट ओढलं जातं, खाली उतरलं तर हवा गळते. गळती असताना पंपाचा आकडा नीट दिसतो, पण पेटीत तेवढा ऋणदाब नसतो. सेन्सर पेटीच्या आतच हवा.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही: पेटी माणसाला आत खेचते. कंबरेचा छेद ०.०७ चौरस मीटर धरला तर उणे २५ला जवळजवळ २४ किलो वजनाइतकी ओढ बसते. ती मांड्यांमधल्या खोगिरावर पेलायची. पाय फळीवर टेकवले की पोटऱ्या आवळतात, रक्त पुन्हा वर ढकललं जातं आणि उपायाचा जोर ओसरतो. व्यायामच द्यायचा असेल तर गोष्ट वेगळी.

ऋणदाब पायरीपायरीने वाढवा. जांभया, फिकट चेहरा, घाम, मळमळ, वाढलेली नाडी एकदम उतरणं, यांपैकी काहीही दिसलं की विचारत बसू नका, पेटीत हवा सोडणारी झडप उघडा. झडपेवर एकाचा हात कायम असावा.

मांडीचे पट्टे सोपे, पण ते फक्त शिरा अडवतात. घट्ट झाले तर पाय बधिर होतात. माणसाला गरगर फिरवून रक्त पायांकडे ढकलणाऱ्या छोट्या सेंट्रिफ्यूजवर फार भिस्त ठेवू नये असं आमचं मत. २०१९मध्ये जर्मनीतल्या कोलोनला ६० दिवसांच्या बेड-रेस्टमध्ये रोज ३० मिनिटं फिरवूनही डोळ्यांतल्या दृष्टिचकतीची (डोळ्याची नस जिथे डोळ्याला मिळते त्या जागेची) सूज टळली नव्हती.

उपाय लागू पडतोय का हे मानेतल्या जुग्युलर शिरेच्या अल्ट्रासाउंडवर दिसतं. जेलचा जाड थर द्या आणि प्रोब त्यावर नुसता तरंगू द्या. जरा दाबला की शीर चपटी होते आणि उपायाला फुकटचं यश मिळतं. मान सरळ, श्वास सोडून झाल्यावरचं चित्र, आणि त्वचेवर पेनाने केलेली खूण रोज तीच.