नव्या पाळकांनो, या चुका टाळा

बदलीचं पत्र येतं, टेम्पोतून सामान उतरतं, पहिल्या रविवारी हार घातला जातो आणि दुसऱ्या रविवारपासून चुका सुरू होतात. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात चर्चचा पाळक (धर्मगुरू) म्हणून काम करताना मी त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना पाहत आलो आहे. चुका करणारी माणसं वाईट नसतात. प्रभूवर त्यांचं मनापासून प्रेम असतं, शिक्षण चांगलं असतं, संदेशही (प्रवचनही) ते तयारीनं देतात. कमी पडतो तो धीर. सहा महिन्यांत मंडळी, म्हणजे चर्चमध्ये जमणारा विश्वासणाऱ्यांचा समुदाय, उभी करून दाखवायची घाई असते आणि तिचा भुर्दंड मंडळी पुढं कितीतरी वर्षं भरत राहते.

मंडळीचा पैसा घरच्या खात्यात

यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण फोनमुळे ही चूक हल्ली फार सोपी झाली आहे. पूर्वी अर्पणाची थैली आली की मोजायला दोघं बसायचे आणि वहीत सह्या व्हायच्या. आता पाळकाच्या फोनवरचा क्यूआर कोड मंडळीच्या ग्रुपवर पडतो आणि खाली लिहिलेलं असतं, "सढळ हातानं द्या." खातं कुणाचं आहे हे कुणी विचारत नाही. समोर पाळक असतो, म्हणून विचारायची हिंमत होत नाही.

खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या एका गावची गोष्ट. तिकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, मृगाच्या आधी छप्पर झालं नाही तर दसऱ्यापर्यंत मंडळीला ओल्यात बसावं लागतं. चर्चची कौलं गेली होती, वासेही कुजले होते. तरुण पाळकानं मिस्त्री ठरवला, पत्र्याचा भाव काढला. मंडळीचं बँकेत खातं होतं, पण त्याला दोन सह्या लागायच्या आणि सही करणाऱ्यांपैकी एकजण मुलीच्या बाळंतपणासाठी गोव्याला गेला होता. आठवडाभर थांबायचं होतं. पाळक थांबला नाही. त्यानं बायकोच्या खात्याचा कोड ग्रुपवर टाकला. पैसे आले, पत्रे आले, मृगाच्या आधी छप्पर झालं. सगळे आनंदात.

पावसाळा सरता सरता कमिटीत हिशेब निघाला. पाळकानं सरळ मनानं बायकोचं पासबुकच टेबलावर ठेवलं. छपराची प्रत्येक नोंद जुळत होती. उलट पत्रे आणायचं गाडीभाडं त्यानं पदरचं घातलं होतं. पण त्याच पानावर, पत्र्याच्या दुकानदाराला दिलेल्या रकमेच्या खालच्याच ओळीत, मुलीच्या शाळेची फी होती. घरखर्चासाठी तो पगारातून बायकोच्या खात्यात पैसे टाकायचा, त्यातून ती भरलेली. त्यानं तसं सांगितलं आणि कमिटीला ते पटलंही. पण कमिटीतला माणूस घरी जातो, जेवताना बोलतो, शेजारी ऐकतो. बघता बघता गावात एवढंच उरलं, की छपराच्या पैशातून साहेबांच्या पोरीची फी गेली. शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या शास्त्रवर्गात, एका मुलानं त्या मुलीला तोंडावर विचारलं. ती सातवीत होती. तिनं चर्चला यायचं सोडलं. पाळकीणबाई मागच्या बाकावर बसून शेवटचं गीत संपायच्या आत उठून जाऊ लागल्या. वर्षअखेरीस पाळकानं स्वतःहून बदली मागितली.

हा वाद मिटवायला मला पाठवलं होतं. एकेक नोंद मी मंडळीसमोर वाचून दाखवली. आकडे सगळ्यांना पटले. तरी उठताना एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "हिशेब बरोबर हाय साहेब, पर आमचा पैसा त्यांच्या घरात जायलाच नको होता." त्यांचं म्हणणं खरं होतं आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते छप्पर अजून गळत नाही. त्या मंडळीत वर्गणीचा विषय निघाला की आजही लोक माना खाली घालतात.

यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेला निधी प्रेषित पौल एकट्यानं नेत नाही. बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा 8वा अध्याय उघडून बघा. मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ तो सोबत घेतो आणि कारणही लिहून ठेवतो: जे योग्य ते प्रभूच्या नजरेपुढे तर हवंच, माणसांच्या नजरेपुढेही हवं. पौलाला ज्याची गरज वाटली ती आपल्याला वाटू नये, हे मला कधीच समजलेलं नाही.

माझी पद्धत साधी आहे. अर्पणाला मी हात लावत नाही. मोजायला दोघं, आणि ते एका घरातले नसावेत. सासरा-जावई तर नकोतच. मोजणी चर्चमध्येच, सगळे जायच्या आत. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, खाली दोन सह्या, सोमवारी बँकेत भरणा. क्यूआर कोड फक्त मंडळीच्या खात्याचा, छापून दाराशेजारी लावलेला. कुणी उपासनेनंतर हातात पाचशेची नोट ठेवून "तुमच्याजवळ असू द्या साहेब" म्हणालं, तर तिथल्या तिथे खजिनदाराला हाक मारायची आणि पावती झाल्याशिवाय त्या माणसाला सोडायचं नाही. सुरुवातीला लोकांना हे तुसडं वाटतं. वाटू द्यावं. सही करणारा गोव्यात असेल तर तो येईपर्यंत ताडपत्री बांधून भागवावं. दर वर्षी असंच अडत असेल तर ठराव करून तिसऱ्या माणसाची सही बँकेत घालून ठेवावी, म्हणजे कोणत्याही दोन सह्यांवर काम होतं.

काही चुका एका दमात सांगून टाकतो.

प्रार्थनेतून कुणाची गुपितं फोडू नका. "प्रभू, या बहिणीच्या नवऱ्याची दारू सोडव" असं चारचौघांत म्हटलं, की ती बहीण पुन्हा तुमच्याकडे मन मोकळं करायला येत नाही.

मयताच्या घरी पहिल्या दिवशी "देव सगळं चांगल्यासाठीच करतो" हे बोलू नका. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांनी बरोबर केलं.

खानापूरकडे भाताची लावणी चालू असताना आणि चिकोडी-अथणीकडे ऊसतोडीच्या ऐन हंगामात आठवडाभराच्या सभा ठेवू नका. लोक आले नाहीत म्हणून त्यांच्या विश्वासाला नावं ठेवणं हा अन्याय आहे.

व्यासपीठावरून कुणा एकाला टोमणे मारू नका. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात, कुणी चुकला तर, पहिली पायरी एकांतात जाऊन बोलण्याची आहे. तीच सगळ्यांत जड असते, म्हणून सगळे तीच गाळतात.

यूट्यूबवर ऐकलेला संदेश जसाच्या तसा देऊ नका. समोर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत रात्रपाळी करून आलेला माणूस बसलेला असतो. त्याच्याशी बोला.

"प्रार्थना झाली, आता गोळ्या बंद करा" असं तर कधीच, कुणालाही सांगू नका. बीपीची, साखरेची, फिटची औषधं थांबवायला सांगणं पाळकाचं काम नाही. आजारी हिज्कीया राजाला पंधरा वर्षांचं आयुष्य वाढवून मिळाल्याचा निरोप देणाऱ्या यशया संदेष्ट्यानंच त्याच्या गळवावर अंजिराची ढेप बांधायला सांगितली. आजाऱ्याजवळ प्रार्थना करून झाली की मी विचारतो, आजची गोळी घेतली का?

एका रविवारात भाषा बदलणं

आपल्याकडची ही खास चूक. पुण्या-मुंबईकडून आलेल्या पाळकांना ती आधी कळत नाही. घरात मराठी, शाळेत कन्नड, कामावर दोन्ही. आजी देवनागरीतलं शास्त्र (बायबल) मांडीवर घेऊन बसते, नातू कन्नड शाळेत शिकतो म्हणून त्याला देवनागरी अडखळत वाचता येते, सून बैलहोंगलकडची, कन्नड बोलणारी. नव्या पाळकाला तरुण मुलं गीताच्या वेळी गप्प दिसतात आणि तो जाहीर करतो, पुढच्या महिन्यापासून उपासना कन्नडमध्ये. किंवा उलट, ही मराठी मंडळी आहे, इथं कन्नड गीत व्हायचं नाही. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत आणि दोन्हीत मंडळी दुभंगली. चिकोडीकडच्या एका मंडळीत यायचं थांबलेल्या एका आजींना भेटायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "मला कन्नड येतंय की साहेब. बाजार करतो, बँकेत बोलतो. पर प्रार्थनेला बसलो की मराठीच तोंडात येतंय." त्यांचा कन्नडवर राग नव्हता. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, याचं त्यांना दुःख होतं.

बेळगावात 1820 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचं काम सुरू झालं, पुढं ते मेथडिस्ट पंथाकडे आलं. या भागातल्या मंडळ्यांना एकाहून जास्त भाषांत उपासना करणं नवं नाही. नवी आहे ती एका घोषणेत प्रश्न मिटवण्याची घाई.

प्रेषितांच्या कृत्यांचा 6वा अध्याय मला यासाठी फार जवळचा वाटतो. यरुशलेमेतली पहिली मंडळी, आणि तिथंही तक्रार भाषेच्या रेषेवरच उठली: ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. मंडळीला सात जण निवडायला सांगितले आणि मंडळीनं निवडले. स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे पाच, ही सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटपाचं काम गेलं. कमिटीत कन्नड बोलणारं एकही घर नसेल तर वरवर दोन कन्नड गीतं घालून काही साधत नाही. आधी कमिटीत जागा द्या, मग गीतांचं बघू.

पहिलं वर्ष काहीही बदलू नये, हा माझा नियम. घरोघरी बसून ऐकावं. मग हळूहळू. शास्त्रवाचन दोन्ही भाषांत, आणि कन्नड वाचन मुलांकडून करून घ्यावं. संदेश मराठीत असेल तर शेवटी पाचेक मिनिटं कन्नडमध्ये सार सांगावं. ते पाळकाला जमत नसेल तर एखाद्या शिक्षिकेला विनंती करावी, आपल्या मंडळ्यांत एखादी तरी असतेच. प्रभुभोजनाची वचनं दोन्ही भाषांत. मयताच्या वेळी घरच्यांना विचारावं आणि ज्या भाषेत तो माणूस प्रार्थना करत होता त्या भाषेत त्याला निरोप द्यावा. आणि एक गोष्ट जरूर करून बघा: मराठी गीतं कन्नड लिपीत टाइप करून छापा. नातवाला मराठी बोलता येते, अडते ती लिपी. असा कागद हातात दिला की आजी आणि नातू एकच ओळ एकाच वेळी म्हणू लागतात.

1 नोव्हेंबरबद्दलही सांगतो. 1956 पासूनचा हा दिवस एका घराला कर्नाटक राज्योत्सव असतो, शेजारच्या घराला काळा दिन. दोन्ही घरं रविवारी एकाच बाकावर असतात. पाळकाला मत असतं, मलाही आहे. पण त्या दिवशी पाळकाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर कन्नड झेंड्याचं लाल-पिवळंही नको आणि काळंही नको. मोर्चामुळे गावात तणाव असेल तर दोन्हीकडच्या तरुणांच्या घरी फोन करून ते सुखरूप घरी पोहोचले का ते विचारावं.

घराला उरलेला वेळ देणं

बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या 18व्या अध्यायावर आपण नेतृत्वाचे वर्ग घेतो. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमायचा मोशेच्या सासऱ्याचा, इथ्रोचा सल्ला सगळ्यांना पाठ असतो. त्या अध्यायाची सुरुवात मात्र वाचायची राहते. इथ्रो रिकाम्या हातांनी आलेला नाही, मोशेची बायको सिप्पोरा आणि दोन्ही मुलगे यांना घेऊन तो रानात आला आहे. आणि दुसऱ्याच दिवशी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसतो. सासऱ्यानं ते पाहिलं आणि मग बोलला. ज्या दिवशी माझ्या हे ध्यानात आलं, त्या दिवसापासून तो अध्याय मी नव्या पाळकांना त्यांच्या पत्नीसोबत बसून वाचायला सांगतो.

पाळकीणबाईंना विचारल्याशिवाय महिला संघाची जबाबदारी त्यांच्या नावावर टाकू नका. मुलांची उदाहरणं संदेशात देऊ नका; ती लाजतात आणि लक्षातही ठेवतात. सोमवार घरच्यांचा ठेवा. मयत आणि दवाखाना सोडून बाकी सगळं मंगळवारी होऊ शकतं, अगदी कमिटीतलं भांडणसुद्धा. लोकांना हे एकदा स्पष्ट सांगितलं की ते सांभाळून घेतात. न सांगता फोन बंद ठेवला तर मात्र रागावतात, आणि तो राग रास्त असतो.

महिन्यातून एका रविवारी संदेश मंडळीतल्या कुणाला तरी द्यायला सांगा आणि तुम्ही बायकोमुलांसोबत बाकावर बसा. "आमच्याकडे तसं कुणी नाही हो साहेब," असं उत्तर मला नेहमी मिळतं. नसेल तर तयार करा. दोन आठवडे आधी वचन नेमून द्या, एका संध्याकाळी त्यांच्या घरी बसून त्यावर बोला, पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नका म्हणून सांगा. पहिल्यांदा ते थरथरतील, कागदावरून मान वर काढणार नाहीत. मध्येच उठून त्यांची मदत करायला जाऊ नका.