स्टाइल्सची मार्गदर्शिका लिहिताय? या चुका टाळा

वर्ड प्रोसेसरमधल्या स्टाइल्स (म्हणजे फॉन्ट, आकार, रंग अशी एकदा ठरवून नाव दिलेली आणि हवी तिथे लावता येणारी मांडणी) नवशिक्यांना समजावायच्या म्हटलं की बहुतेक जण व्याख्येपासून सुरू करतात. मग लिबरऑफिस रायटर या मोफत वर्ड प्रोसेसरमध्ये एफ११ दाबल्यावर दिसणारे सहाही प्रकार ओळीने येतात: परिच्छेद, अक्षर, चौकट, पान, यादी, तक्ता. वाचक तिथेच गळतो. त्याला प्रकार नको असतात, मोठ्या अहवालातली सगळी शीर्षकं एकदम बदलायची असतात. म्हणून पहिल्याच पानावर त्याला तीन ओळींना ‘हेडिंग १’ लावू द्या आणि मग त्या स्टाइलचा रंग बदलू द्या. तिन्ही शीर्षकं एका झटक्यात बदललेली पाहिली की व्याख्या त्याची त्यालाच कळते.

याच्या लगेच पुढे एक अडचण घ्यायलाच हवी. ती शेवटच्या शंका-समाधानात ढकलणं ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. स्टाइल बदलली, तरी काही ओळी ढिम्म हलत नाहीत. कारण त्या ओळींवर आधी कुणीतरी हाताने ठळक केलेलं असतं, आकार वाढवलेला असतो, आणि हाताने केलेलं स्टाइलवर मात करतं. हाताने केलेलं ते काढून टाकायला मजकूर निवडून रायटरमध्ये कंट्रोल-एम दाबा. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये अक्षरांसाठी कंट्रोल-स्पेस, परिच्छेदासाठी कंट्रोल-क्यू. हे माहीत नसलं की माणूस ‘स्टाइल्स चालतच नाहीत’ म्हणून कायमचा सोडून देतो.

देवनागरीत लिहिणाऱ्यांची आणखी एक फसगत होते: स्टाइलमध्ये फॉन्ट बदलूनही अक्षरं तशीच राहतात. दोन्ही प्रोग्रॅममध्ये रोमन लिपीचा फॉन्ट वेगळा आणि ‘कॉम्प्लेक्स’ लिप्यांचा (देवनागरी त्यांतच येते) वेगळा ठरवावा लागतो. बदल या दुसऱ्या ठिकाणी करायचा, हे चित्रासह दाखवा.

स्टाइलचं नाव ‘लाल ठळक’ ठेवायला शिकवू नका. उद्या रंग निळा झाला की ते नाव खोटं ठरतं. ‘इशारा’ म्हणा.

पानाच्या स्टाइल्स मात्र शेवटीच ठेवा. रायटरमध्ये एकच पान आडवं करायला जावं, तर सगळा दस्तऐवज आडवा होतो, कारण सगळी पानं एकाच स्टाइलवर असतात. तिथे नवी पान-स्टाइल निवडून मॅन्युअल ब्रेक (आपण हाताने घातलेला पानाचा खंड) घालावा लागतो. वर्डमध्ये पान-स्टाइल नसतेच, हे काम सेक्शन ब्रेक, म्हणजे दस्तऐवजाचे वेगळे भाग पाडणारा खंड, करतो. त्यामुळे दोन्ही प्रोग्रॅमच्या पायऱ्या एका परिच्छेदात कालवू नका.

सरावाला कोरी फाइल देऊ नका. मुद्दाम बिघडवलेली द्या: हाताने मोठी केलेली शीर्षकं, एंटर मारमारून सोडलेली जागा. वाचकाच्या स्वतःच्या फाइली अशाच असतात.