स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्डला उन्हाळ्यात जाताय? या चुका टाळा

पहिली चूक घरी कॅलेंडर बघतानाच होते. मुलांना सुट्ट्या मे मध्ये म्हणून आपण बुकिंग मे चं करतो, पण आल्प्समध्ये तेव्हा उन्हाळा धड सुरूच झालेला नसतो. खाली गाव हिरवंगार असतं, वर मात्र बऱ्याच वाटा अजून बर्फाखाली, काही केबल कार मेंटेनन्ससाठी बंद, आणि बाखआल्पझे लेकमधलं डोंगरांचं प्रतिबिंब बघायला जावं तर लेकच गोठलेला. चालायची हौस असेल तर जूनअखेर ते सप्टेंबर. मे शिवाय जमतच नसेल तर खालचं खालचं करा, लाउटरब्रुनेनचं खोरं, डोंगराच्या पोटातले ट्र्युमेलबाखचे धबधबे (४ वर्षांखालच्या मुलांना तिथे सोडत नाहीत), थुन लेकची बोट. तेही कमी नाहीये.

आता ट्रेन. इंटरलाकेन ऑस्ट स्टेशनहून सुटणारी गाडी मध्ये त्सवाइल्युचिनेनला तुटते, अर्धी ग्रिंडेलवाल्डला आणि अर्धी लाउटरब्रुनेनला जाते, त्यामुळे नुसता प्लॅटफॉर्म बरोबर असून भागत नाही, डब्यावरचं नाव वाचूनच चढा. चुकीच्या डब्यात बसलात हे आधी कळलं तर त्सवाइल्युचिनेनला पटकन उतरून दुसऱ्या भागात जा, उशिरा कळलं तर घाबरू नका, उलट्या गाडीने तिथपर्यंत परत या, एवढंच.

आणि ते 'टर्मिनल'! नाव ऐकून वाटतं शेवटचं स्टेशन, पण ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल गावाच्या एक स्टेशन आधी येतं. युंगफ्राउयोखच्या (बर्फातलं उंचावरचं रेल्वे स्टेशन) वाटेवरची आयगर एक्सप्रेस ही केबल कार तिथून सुटते आणि फर्स्ट नावाच्या डोंगरावर जाणारी गोंडोला (छोट्या डब्यांची केबल कार) गावातून. दोन्हींत गल्लत झाली की सकाळचा मोलाचा वेळ गेलाच.

सगळ्यात महागाची चूक म्हणजे युंगफ्राउयोखचं तिकीट तारखेसकट आधीच घेऊन टाकणं. ३४५४ मीटरवर ढग असले तर एवढे पैसे मोजून पांढरी भिंत बघायची. ग्रिंडेलवाल्डला २-३ रात्री ठेवा, सकाळी उठल्या उठल्या वरचा वेबकॅम बघा, मोकळं असेल तर लगेच निघा नाहीतर दिवसांची अदलाबदल करा. स्विस ट्रॅव्हल पासवर (पर्यटकांचा ट्रेन-बस-बोटीचा पास) सगळं फुकट असंही समजू नका, तो गावापर्यंतच चालतो, तिथून वर युंगफ्राउयोखला फक्त २५ टक्के सूट मिळते.

आजी-आजोबा सोबत असतील तर वर गेल्यावर 'चला चला' करू नका, हवा विरळ असते. गरगरलं की बसायचं, पाणी प्यायचं, तरी बरं वाटेना तर मिळेल त्या गाडीने खाली. आणि गावात टी-शर्टवर फिरलो म्हणून वरही तसंच चालेल असं नाही हं, वर साधारण १५ अंश तरी कमी असतं, जॅकेट हवंच, आणि बर्फावरून उलटं येणारं ऊन भाजून काढतं म्हणून गॉगल आणि सनस्क्रीनही.

फर्स्टला गेलात तर फ्लायर (तारेला लटकून खाली येणं), माउंटन कार्ट (उतारावरची छोटी गाडी) वगैरे आधी उरका, दुपारी रांग वाढते आणि वारा सुटला की ते बंद करतात. क्लिफ वॉकला, म्हणजे कड्याला लगटलेल्या पुलावजा वाटेला, वेगळं तिकीट नाही. तिथून बाखआल्पझे लेकपर्यंत चालायला एका बाजूने तासभर धरा, कारण वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर लिहिलेल्या वेळेत थांबणं धरलेलं नसतं आणि आपण तर दर दोन मिनिटांनी फोटोला थांबणार. शेवटची गोंडोला किती वाजता आहे ते वर पोचल्या पोचल्या बघून ठेवा, ती चुकली तर अख्खा डोंगर पायी उतरावा लागेल. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाट होतो, आवाज आला की उघड्या धारेवरून खाली या, झाडाखाली आडोसा घेऊ नका.

वाटेत गाई भेटतील. सोबत वासरू असेल तर सेल्फी राहू दे, लांबून वळसा घाला.