किडनी प्रत्यारोपणानंतर सीएमव्हीचा रिपोर्ट कसा वाचायचा

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू. शस्त्रक्रियेआधी दाता आणि रुग्ण दोघांचीही सीएमव्ही आयजीजी तपासणी (पूर्वी संसर्ग झाला होता का, हे सांगणारी प्रतिपिंडांची चाचणी) होते. तो कागद फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा. दाता पॉझिटिव्ह आणि रुग्ण निगेटिव्ह असेल तर धोका सर्वाधिक. अशांना व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर (सीएमव्हीला रोखणाऱ्या गोळ्या) साधारण ६ महिने देतात. आपल्याकडचे बहुतेक प्रौढ रुग्ण आधीच पॉझिटिव्ह असतात, त्यांना दिलेच तर साधारण ३ महिने. गोळ्या थांबल्यानंतरचे काही महिने खरे जपायचे, कारण दबलेला विषाणू तेव्हाच डोके वर काढतो. तो आत्ता वाढतोय का, हे पीसीआर (रक्तातला विषाणू मोजणारी चाचणी) सांगते. आयजीजी पुन्हा करून ते कळत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घेतात. रिपोर्टवर आधी नमुना प्लाझ्माचा (पेशी वगळून उरलेल्या द्रवाचा) आहे की संपूर्ण रक्ताचा, ते पाहा. संपूर्ण रक्तात विषाणूचा आकडा बहुधा जास्त येतो, म्हणून दर वेळी तीच लॅब आणि तोच नमुना हवा. २,००० चे ५,००० झाले तर घाबरू नका. तिपटीपेक्षा कमी फरक चाचणीतलाही असू शकतो. ८,००० झाले तर वाढ खरी धरा.

त्याच दिवशी टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचे औषध) रक्तातली पातळी करायची असेल तर सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्या. दिवसातून दोनदा घेणाऱ्यांचा नमुना आदल्या डोसनंतर १२ तासांनी हवा. जुलाब होत असतील तर ही पातळी वाढते, तेव्हा डॉक्टरांना लगेच कळवा.

उपचारात व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ९०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असते, पण किडनीचे काम कमी असेल तर डॉक्टर त्या हिशोबाने डोस उतरवतात. पीसीआर आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) दर आठवड्याला. पहिल्या आठवड्यात आकडा चढलेला दिसू शकतो. पूर्ण डोस २ आठवडे घेऊनही तो दहापटीने उतरला नाही, तर विषाणू औषधाला दाद देत नसल्याची शंका घ्यावी लागते; मग यूएल९७ आणि यूएल५४ या जनुकांची तपासणी होते.

पांढऱ्या पेशी घटल्या म्हणून व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची गोळी स्वतःहून अर्धी करणे ही आम्हाला सर्वांत घातक चूक वाटते. अपुऱ्या औषधात वाढलेला विषाणूच पुढे औषधाला जुमानत नाही. पेशी मायकोफेनोलेट (किडनी नाकारली जाऊ नये म्हणून दिले जाणारे आणखी एक औषध) आणि कोट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकमुळेही घटतात. कशाचा डोस हलवायचा, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

जुलाब, पोटदुखी किंवा शौचातून रक्त असेल तर निगेटिव्ह पीसीआरवर विसंबू नका. आतड्यातला सीएमव्ही रक्तात सापडेलच असे नाही. दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याची बायोप्सी लागते.