स्टिरिओच्या मागचे रिकामे जॅक: काय झाकायचं आणि कशाने

अँप्लिफायरच्या मागे आरसीए जॅकच्या (मध्ये भोक आणि बाहेर धातूचं कडं असलेल्या गोल ऑडिओ सॉकेटच्या) रांगाच्या रांगा असतात, वापरात असतात जेमतेम दोन-तीन जोड्या. बाकीच्यांवर वर्षानुवर्षं धूळ बसते, दमट हवेत निकेलचा मुलामा काळवंडतो, आणि मागे हात घालून चाचपडत वायर लावताना पिन भलत्याच जॅकला टेकते. टोप्या लावायच्या त्या यासाठी. त्यांनी आवाज खुलेल अशी आशा मात्र ठेवू नका. फोनोचा (टर्नटेबल जोडायच्या इनपुटचा) अपवाद सोडला तर कानाला फरक कळणार नाही.

१. वीज तोडा, फोटो काढा. नुसतं स्टँडबायवर ठेवू नका, प्लगच काढा. मागच्या पॅनेलचा एक फोटो काढून ठेवला की नंतर टॉर्च तोंडात धरून अक्षरं वाचत बसावं लागत नाही.

२. इनपुट कुठले, आउटपुट कुठले ते ठरवा. सगळी मेख इथे आहे. फोनो, सीडी, ऑक्स, ट्यूनर आणि टेप प्ले हे इनपुट. टेप रेक (रेकॉर्डिंगसाठी), प्री आउट (वेगळ्या पॉवर अँपसाठी), सबवूफर आउट हे आउटपुट. टेपच्या दोन्ही जोड्या एकमेकींना खेटून असतात आणि दिसायला सारख्याच, त्यामुळे तिथे दोनदा वाचा.

३. पुसून घ्या. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा. मग कापसाच्या काडीला थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जॅकचं बाहेरचं कडं पुसा आणि पूर्ण सुकू द्या. पॉलिश पेपर नको. मुलामा पातळ असतो, तो निघाला की आतलं पितळ उघडं पडतं.

४. प्लास्टिकच्या टोप्या बसवा. सिलिकॉन किंवा पॉलिथिनच्या, साधारण ८ मिमी जॅकवर बसणाऱ्या टोप्या इनपुट-आउटपुट दोन्हींना चालतात. डिजिटल कोअॅक्सियल जॅकलाही त्याच. साध्या रबरातलं गंधक चांदीचा मुलामा काळा करतं, आणि चिकटपट्टीचा गोंद मागे राहतो. तेव्हा हे दोन्ही टाळा.

५. शॉर्टिंग प्लग फक्त इनपुटला. हा प्लग मधली पिन आणि बाहेरचं कडं एकमेकांना जोडतो. खरा उपयोग फोनोला. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (टर्नटेबलच्या सुईमागच्या नेहमीच्या पिकअपचा) सिग्नल ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो, तर सीडी प्लेयर २ व्होल्टपर्यंत देतो. इतका क्षीण सिग्नल फोनो स्टेज (अँपमधलं फोनोसाठीचं खास सर्किट) शंभरेक पट वाढवते, आणि इनपुट मोकळा असेल तर त्याच्यासोबत आजूबाजूची घरघरही वाढते. टर्नटेबल नसेल तर डाव्या-उजव्या दोन्ही जॅकना हे प्लग लावा. आउटपुटला चुकूनही नको: तिथे शॉर्ट झाला तर सर्किटवर ताण येतो, ते बिघडूही शकतं.

धातूची टोपी आणि शॉर्टिंग प्लग दिसायला जुळे भाऊ. हातात आलेली वस्तू नेमकी काय आहे याची शंका असेल तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक पिनला, दुसरं कड्याला लावा. बीप वाजला तर तो शॉर्टिंग प्लग.

६. बाकीची भोकं. ऑप्टिकल सॉकेटला सोबत आलेलं इवलंसं बूच परत लावा (बहुतेकांचं ते पहिल्याच दिवशी हरवतं). हेडफोनच्या ६.३५ मिमी जॅकमध्ये डमी प्लग खुपसू नका, कारण बऱ्याच अँपमध्ये प्लग आत गेला की स्पीकर बंद होतात. न वापरलेल्या स्पीकर टर्मिनलच्या चकत्या हाताने आवळून ठेवा. लाल-काळं एकमेकांना कधीच जोडायचं नाही.

जुन्या रिसीव्हरवर प्री आउट आणि मेन इन (आतल्या पॉवर अँपचा इनपुट) यांच्यामध्ये यू आकाराच्या धातूच्या पट्ट्या दिसतील. हे जॅक रिकामे नाहीत, आवाज त्यांच्यातूनच पुढे जातो. त्या आहेत तशाच राहू द्या.

७. चालू करून पाहा. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून सुरू करा, मग थोडा वाढवत एकेक सोर्स ऐका. कुठला गप्प झाला किंवा एका बाजूने दबला, तर लगेच बंद करून टेप रेककडे बघा. तिथे शॉर्टिंग प्लग गेला असेल तर काही अँपमध्ये नेमकं असंच होतं. तो काढा आणि त्या जागी प्लास्टिकची टोपी लावा.